सोंड

पहाटे पाचचा सुमार. दिल्लीत जानेवारीचं धुकं असं, की समोरचा दिवा नुसता पिवळा डाग. हवामान खात्याच्या केंद्रावर हायड्रोजन भरलेला फुगा हातातून सुटतो आणि त्याच्या दोरीला लटकून ती निघते. रेडिओसोंड, हवेची मोजमापं रेडिओवरून खाली कळवणारी छोटी पेटी. थर्मिस्टरचा मणी, ओलावा ओळखणारी पातळ पट्टी, जीपीएस, बॅटरी, एवढाच संसार. तो स्वस्तच असावा लागतो, कारण ती परतणार नाही हे पाठवणाऱ्याला ठाऊक असतं. त्याच सुमारास जगभर शेकडो ठिकाणांहून तिच्या बहिणी निघालेल्या असतात.

पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच ती या शहराचं दुखणं सांगून टाकते. वर जावं तसा गारठा वाढायला हवा. इथे गार हवा खाली आणि ऊब वर. त्या झाकणाखाली अख्ख्या दिल्लीचा धूर कोंडलेला. झाकण किती उंचीवर आहे, हे तिच्याकडून कळतं. आज श्वास किती जड जाणार, याचं निम्मं उत्तर तिथेच असतं.

घनता मोजायचं वेगळं यंत्र तिच्याजवळ नाही. दाब आणि तापमानावरून खाली हिशेब होतो. सेकंदाला पाचेक मीटर चढत, पावणेदोन तासांत ती 30 किलोमीटरवर पोचते. तिथे हवेची घनता जमिनीलगतच्या 1.5 टक्का.

तिची पूर्वज पुण्याची. हवामानशास्त्रज्ञ एस. पी. वेंकटेश्वरन यांनी तिथे पंख्याची सोंड घडवली होती. वर चढताना वाऱ्याने पंखा फिरे आणि आतलं काम चाले. मला त्या पंख्याचं फार अप्रूप वाटतं. चढणंच तिला चालवत होतं.

30 किलोमीटरच्या फार वर असा फुगा सहसा जात नाही. त्यापुढे अग्निबाण लागतो. केरळातल्या थुंब्याहून 1963 मध्ये पहिला उडाला. पुढे आरएच-200 सारखे छोटे बाण 70 किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यांची खबर आणू लागले.

इकडे आपल्या सोंडेचा फुगा फुगत फुगत फुटतो. पश्चिमेच्या जोरदार वाऱ्याने तिला एव्हाना बरंच पूर्वेला नेलेलं असतं. छोट्या पॅराशूटखाली ती उत्तर प्रदेशातल्या कुणाच्या गव्हात उतरते. दिल्लीला तिचा आवाज आता ऐकू येत नाही. बॅटरी उरली असेल, तर ती बोलतच राहते: गव्हातल्या हवेचं तापमान, ओलावा, पुन्हा तापमान.