जागलीचं ऋण

खुलताबाद म्हटलं की लोकांना दर्गे, भद्रा मारुती, औरंगजेबाची कबर नाहीतर वेरूळची वाट आठवते. मला आठवतात ती सुलीभंजनच्या डोंगराखालची शेतं. मका, कापूस, अद्रक, आणि रानडुकरं आत शिरू नयेत म्हणून बांधाला गुंडाळलेल्या जुन्या साड्या. तिथल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झालो तेव्हा वन्यप्राणी म्हणजे माझ्यासाठी परिसर अभ्यासातला एक धडा होता. आज वर्गात त्याविषयी जे बोलतो त्यातलं बहुतेक त्या वस्तीनं दिलेलं आहे.

पहिल्याच पावसाळ्यात शाळेमागच्या चिखलात एक मोठा ठसा दिसला. मी मुलांना घरी पाठवायच्या तयारीत होतो. शाळा समितीतले एक शेतकरी, ज्यांना सगळी वस्ती मामा म्हणते, रात्रभर शेत राखून, म्हणजे जागलीवरून, परतत होते. ते ठशाजवळ उकिडवे बसले आणि पोरांना जवळ बोलावलं. मागे गादी, पुढे चार बोटं, नखाची खूण नाही. कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात, बिबट्या चालताना ती आत ओढून घेतो. मग मला म्हणाले, "सर, हा नेहमीचाच हाये. शाळा बंद करू नका. लेकरं एकटीदुकटी सोडू नका, अन् अंधारात कुणाला उघड्यावर बसू देऊ नका." खाली बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं, हे कारणही त्यांनी सांगितलं. वस्तीवर तेव्हा बऱ्याच घरी संडास नव्हता. त्या दिवसापासून शौचालयाचा धडा मी केवळ स्वच्छतेपुरता शिकवला नाही.

पुढे एका म्हातारीची गाभण शेळी बिबट्यानं मारली. सकाळभर ती त्याला शिव्याशाप देत होती. घरात माणसासारखी वाढवलेली शेळी होती ती. दोन तरुण पोरं म्हणाली, मढ्यावर थायमेट टाकू, रात्री खायला येईल अन् मरेल. डोळे पुसता पुसता म्हातारीनं त्यांना अडवलं. "विषानं तो एकटा मरत नाही. कुत्री मरतात, तरस मरतं, कावळे मरतात. अन् माझी दुसरी शेळी उद्या तिथंच चरणार हाये." भूतदयेवर मी पाठ करून भाषणं दिली होती, पण या तीन वाक्यांतलं शहाणपण त्यांत कुठंच नव्हतं. भरपाईसाठी तिचा अर्ज मी लिहिला. त्या निमित्तानं नियम वाचले. 48 तासांच्या आत वनविभागाला कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही. मढं जागेवर राहिलं तर बिबट्या तेच खाऊन संपवतो, लगेच दुसऱ्या गोठ्याकडे वळत नाही, हे मात्र म्हातारीला आधीपासून ठाऊक होतं. मदतीची वाट न बघता शेजाऱ्यांनी तिच्या गोठ्याला पत्र्याचं दार बसवून दिलं.

नंतर बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचं काम वाचनात आलं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अकोले तालुक्यातल्या त्यांच्या अभ्यासात, शेतीनं आणि माणसांनी गजबजलेल्या खोऱ्यात दर 100 चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे आढळले. जुन्नर भागात या शतकाच्या सुरुवातीला बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले उलट वाढले, हेही त्यांनी दाखवलं. मी हे मामांना वाचून दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. "ह्याची वाट आपल्याला ठाऊक, आपली त्याला. नवा आला की पुन्हा पहिल्यापासून." पिंजरा लावा अशी मागणी ते सहजासहजी का करत नसत, ते मला तेव्हा समजलं.

2021 च्या मार्चमध्ये गौताळा अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला. थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला. करोनाचे दिवस होते, बातमी मुलांना मोबाइलवर पाठवली. एका मुलाच्या घरून फोन आला तो मामांचा. वाघ केवढा, हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "एवढं चालत आला, म्हणजे वाटेतल्या कितीक लोकांनी त्याला जाऊ दिलं असंल." मी ती बातमी वाघाची म्हणून वाचली होती. मामांनी त्यात वाटेवरची गावं पाहिली.

याचा अर्थ तिथं सगळं गोडीगुलाबीनं चालतं असा नाही. बिबट्याविषयी सबुरीनं बोलणारा माणूस रोह्यांचं, म्हणजे नीलगायींचं, आणि रानडुकरांचं नाव निघालं की कडू होतो. डुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचा पट्टा आडवा करतो. मामांबरोबर मीही जागलीला बसलो आहे. माळ्यावर गोधडी, हाताशी पत्र्याचा डबा आणि बॅटरी. मध्यरात्री लाईट आली की मोटार चालू करायला खाली उतरायचं आणि गुडघाभर पिकातून एकट्यानं पाणी वळवत फिरायचं. सकाळी तोच माणूस पोराला शाळेत सोडायला येतो. वर्गात पेंगणाऱ्या मुलांना मी पूर्वी रागवत असे. बापाबरोबर जागलीला जाणारं लेकरू कोणतं, हे आता चेहऱ्यावरून ओळखतो आणि त्याला पहिला तास झोपू देतो.

बिबट्यानं जावं असं त्या वस्तीनं माझ्यासमोर कधी मागितलं नाही. त्यांनी मागितली ती दिवसाची वीज. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना 2017 पासून त्यासाठीच आहे. बिबट्याच्या वाटेवरच्या शिवारांना ती वीज सगळ्यात आधी मिळावी, अशी ही योजना राबवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे.