हात धरून शिकवलेले

आमचे अब्बा चिंचणीत डाय कोरायचे. डहाणू तालुक्यातल्या चिंचणी-वाणगाव पट्ट्यात हा धंदा पिढ्यांपासून आहे. सोनाराला मणी, कानातली, मंगळसूत्राच्या वाट्या यांची नक्षी एकसारखी हवी असते. ती पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी कोरायची, ठोकळ्याला पाणी द्यायचे, मग त्यावर पत्रा ठेवून प्रेसने दाबायचा. अब्बा डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसत. केसाएवढी रेघ चुकली की चार दिवसांची मेहनत वाया.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांनी माझ्या हातात छिन्नी दिली. तोंडाने फारसे काही सांगितले नाही. माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि म्हणाले, "जोर देऊ नकोस, तिला जाऊ दे." पुढे मी शिक्षक झालो, छिन्नी सुटली. त्या मुठीचा दाब मात्र अजून आठवतो. आठवतात तसे शेजारचे चाचाही. प्रेसवर त्यांची दोन बोटे गेली होती. अब्बा म्हणायचे, "प्रेस माणूस ओळखत नाही."

हे सारे आठवायचे कारण माझा भाचा. आयटीआय करून तो उंबरगावच्या एका कारखान्यात लागला. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांच्या जमिनीला 500 एकरांची मर्यादा घातली. आमच्या चिकूच्या वाड्या आणि समुद्र त्यामुळे बऱ्याच अंशी वाचले. पण पोरांना नोकरीसाठी गुजरातची हद्द ओलांडावी लागते. भाचा डहाणूहून गाडीने जातो. तलासरीच्या पाड्यांवरच्या बायका पहाटे टेम्पोत उभ्या राहून जातात.

रमजान ईदला तो शीरखुर्मा खाता खाता म्हणाला, "मामू, आमच्याकडे नवा कामगार आलाय. त्याला हात धरून शिकवावे लागते."

मोबाईलवर त्याने चित्रफीत दाखवली. टेबलाला बसवलेला एक यांत्रिक हात आणि शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, काम करणारी बाई. पूर्वीचे रोबोट जाळीच्या पिंजऱ्यात असत, कारण त्यांनाही माणूस ओळखू येत नव्हता. याला धक्का लागला की हा थांबतो. शिकवायचे तर एक बटण दाबायचे. हात सैल पडतो. तो धरून न्यायचा तिथे न्यायचा आणि ती जागा त्याच्या लक्षात ठेवायची. याला म्हणतात कोबॉट, म्हणजे माणसाचा सहकारी रोबोट. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दोन प्राध्यापकांनी 1996 साली ही कल्पना मांडली. त्यांचे यंत्र तर आपल्या ताकदीने हलतच नव्हते. जोर माणसाचा, ते फक्त वाट दाखवी. पुढे डेन्मार्कच्या एका कंपनीने 2008 साली आजच्यासारखा हात विकायला काढला आणि 2010 पासून तो आपल्या चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात कामाला लागला.

माणसाला तो किती जोराने लागला तर चालेल, याचेही माप ठरलेले आहे. 2016 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत शरीराच्या 29 ठिकाणांसाठी दाबाच्या मर्यादा लिहून ठेवल्या आहेत. कपाळाला किती, तळहाताला किती. मला शेजारचे चाचा आठवले. त्यांच्या प्रेसला एवढी जाण असती तर!

पावसाळा उतरला तेव्हा भाचा पुन्हा आला, पण चेहरा उतरलेला. तलासरीकडची एक वयस्क बाई तिथे खोकी भरायची. दुसरी रांग बसवताना ती खोके किंचित कलते करून मनगटाने एक हिसका देई. कुणी शिकवला नव्हता, वर्षानुवर्षांत तिला सापडला होता. भाच्याने तो तिच्याकडे बघून उचलला आणि यांत्रिक हाताला शिकवला. ती खूश होती, कारण खोकी उचलून तिचा खांदा भरून यायचा.

पण अब्बांच्या शिकवण्यात आणि या शिकवण्यात एक फरक आहे. अब्बांनी पाच पोरे तयार केली, त्यांना पाच वेळा आयुष्य घालावे लागले. इथे सगळी यंत्रे एका तारेने संगणकाला जोडलेली. किती खोकी झाली, कोण कितीदा थांबले, सारे तिथे दिसते. आणि एका हाताला जे शिकवले ते त्याच तारेवरून दुसऱ्याला पाठवता येते. थोडी मापे जुळवली की झाले. बघता बघता तो हिसका आणखी तीन टेबलांवर पोहोचला. लावणीला गावी गेलेल्या आठ बायकांपैकी ठेकेदाराने तिघींनाच परत बोलावले.

तिघींत ती होती. तिने भाच्याला विचारले, "दादा, तू त्याला माझाच हात दिलास ना?"

"मामू, मी काय सांगणार होतो?" भाचा म्हणाला.

मीही काय सांगणार? यंत्र नको म्हणावे तर तुटलेली बोटे आणि भरून आलेला खांदा समोर येतो. हवे म्हणावे तर परत न बोलावलेल्या पाच जणी. दाबाचे माप ठरवणाऱ्यांनी कातडीचा विचार केला, रोजीचे माप अजून कोणी काढलेले नाही. अब्बांचा शागीर्द पहिली डाय उस्तादाला दाखवायला आणायचा. यंत्राला शागीर्द म्हणायचे तर उस्तादाचा हक कोण देणार?

मी त्याला एवढेच म्हटले, "तिलाच शिकवायला का लावत नाही? चाकणला बायका या हातांबरोबर काम करतात."

"साहेब म्हणतात, तिला पडद्यावरचे वाचता येत नाही."

"हात धरायला वाचावे कशाला लागते?"

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत त्याने तिच्या हातात तो हात दिला होता. आधी ती घाबरली, मग दोनदा फिरवून तिने त्याचा हिसका सुधारून दिला. भाच्याने शिकवला होता त्यात जोर जास्त होता.

"मामू, फाइलींना नुसते आकडे असतात. या फाइलला तिचे नाव देऊ?"

"दे," मी म्हणालो. "पण पुढच्या लावणीनंतर पगाराच्या कागदावरही तिचे नाव राहील, ते बघ."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.