बुधवारचा बाजार

दिवे घाट चढताना गाडीत जळका वास भरला. आई म्हणाली, "काय करपलं रे?"

करपली होती क्लच प्लेट. गेला महिनाभर लक्षणं दिसत होती. चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र होती त्याच वेगानं चालायची. गाडी म्हणजे २००८ची मारुती ८००. पंधरा वर्षं भरल्यावर बाबांनी हट्टानं पुन्हा पासिंग करून घेतलेली.

गॅरेजवाल्यानं सांगितलेला आकडा तसा फार नव्हता. पण तीन आठवड्यांपूर्वी माझी नोकरी गेली होती आणि घरात कुणाला ते माहीत नव्हतं. सकाळी नऊला मी खोलीचं दार लावून लॅपटॉप उघडायचो, कानात हेडफोन घालायचो. कुणी दार वाजवलं की म्हणायचो, "मीटिंग चालू आहे."

"क्लच मीच बदलतो," मी जाहीर केलं. "शिकायचंय मला."

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. "गिअरबॉक्स उतरवावा लागतो. माहितेय ना?"

"हो."

"बरं."

बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं टर्नर होते. त्यांचं 'बरं' म्हणजे परवानगी नसते. 'बघू किती दिवस टिकतोय' असं असतं.

मी व्हिडिओ बघून यादी केली. पहिली ओळ फुकटची होती: क्लचची केबल तपासणं. पेडलला थोडी मोकळी चाल नसेल, केबल फार ताणलेली असेल, तर चांगला क्लचही घसरतो. केबल ठीक निघाली. म्हणजे खर्च आलाच.

मग नाना पेठ. काउंटरवर प्रत्येकाच्या हातात काळा पडलेला जुना पार्ट होता. माझ्या हातात मोबाइल.

"जुनी प्लेट कुठाय?" दुकानदारानं विचारलं.

"गाडीतच आहे अजून."

"गाडी उघडायच्या आधीच सामान?" तो हसला, पण वैतागला नाही. प्लेटच्या मधल्या भोकाला दाते असतात, ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतात. दाते किंवा प्लेटचा व्यास चुकला तर सगळं वाया. त्यानं आरसीचा फोटो मागितला, चॅसी नंबरावरून मॉडेल पक्कं केलं आणि तीन वस्तू काउंटरवर मांडल्या: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. मी म्हणालो, नुसती प्लेट चालेल का? तो म्हणाला, "मेहनत गिअरबॉक्स उतरवायचीच असते. महिन्यानं बेअरिंग ओरडायला लागलं तर तीच मेहनत पुन्हा करशील?" मी तिन्ही घेतल्या. ड्राइव्ह शाफ्टचे ऑईल सील आणि गिअर ऑईलही घेतलं. शाफ्ट बाहेर ओढले की गिअरबॉक्समधलं तेल वाहतं, म्हणून ते आधी काढून घ्यायचं आणि शेवटी नवं भरायचं.

हत्यारं बाबांच्या पेटीतली. रिंग पाने, गोटी पाने, टॉमी, सगळं तेलाचा हात फिरवून फडक्यात गुंडाळलेलं. टॉर्क रेंच एका मित्रानं दिला. जॅकस्टँड मात्र विकतच घेतले. गाडीसोबत येतो तो जॅक चाक बदलण्यापुरता. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणसानं जायचं नसतं. अंगणात शहाबादी फरशी आहे, स्टँडच्या पायांखाली ती तडकू शकते, म्हणून जाड प्लायवूडचे तुकडे आणले. मास्कही यादीत होता. क्लचच्या घरात साठलेली काळी धूळ फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं.

एक वस्तू राहिली. प्रेशर प्लेट आवळताना मधली प्लेट बरोबर केंद्रात धरावी लागते. जरा सरकली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. यासाठी तयार हत्यार मिळतं, पण जुने मेकॅनिक भंगारातल्या गिअरबॉक्सचा शाफ्टच वापरतात. तो शोधायला मी जुन्या बाजारात गेलो. गंजलेले स्क्रू, बंद पडलेली घड्याळं, एकेकटे बूट यांच्यामध्ये एका पथारीवर मला तो सापडला. नवी प्लेट सोबत नेली होती. शाफ्टवर घातली तर खटकन बसली. इतका आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

घरी येऊन शाफ्ट बाबांसमोर ठेवला. त्यांनी दात्यांवरून अंगठा फिरवला.

"छान आहे. कुठनं आणलास?"

"जुन्या बाजारातून."

"आज?"

"हो."

जुना बाजार भरतो रविवारी आणि बुधवारी. त्या दिवशी बुधवार होता, आणि दुपारचे अडीच वाजले होते. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा बाबा डबड्यात डिझेल ओतून शाफ्ट त्यात बुडवत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे."

ते ब्रशनं गंज घासत राहिले. "कंपनी बंद होती तेव्हा मी दोन महिने डबा घेऊन निघायचो. डबा कुठं बसून खायचा, हाच रोजचा प्रश्न. तुला खोली तरी आहे."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आईला माहीत आहे का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

त्यांनी माझी यादी मागितली, चष्मा लावून वाचली. "सगळं आणलंस. पण गिअरबॉक्स एकट्यानं उतरवणार होतास?"

"बघू म्हटलं."

"छातीवर घेतला असतास. खाली एक माणूस लागतो, वरून धरायला दुसरा. मला खाली वाकवत नाही, मी वरून धरीन." शाफ्ट पुसून त्यांनी फडक्यात गुंडाळला. "शुक्रवारी करू."

"रविवारी करू ना. शुक्रवारी सगळे विचारतील, घरी कसा म्हणून."

"विचारू देत," बाबा म्हणाले. "आईला मात्र उद्याच सांग. आणि जुने बनियन माग तिच्याकडे, पुसायला लागतील."