बोलण्याची किंमत

बायोवेअरच्या २००७ सालच्या ‘मास इफेक्ट’मध्ये गोड बोलणं फुकट मिळत नाही. लेव्हल वाढली की मिळणारे पॉइंट पिस्तुलावर लावायचे की समोरच्याला पटवण्याच्या कौशल्यावर, हे आपण ठरवायचं. मी बरेचसे बोलण्यावर लावले. लढायांत त्यामुळे वारंवार मेलो.

मग व्हर्मायर आलं. आपल्या क्रोगन जमातीच्या व्याधीवरचा इलाज आम्ही नष्ट करणार म्हणून साथीदार रेक्सने माझ्यावर बंदूक रोखली. त्याचा राग रास्तच होता. पडद्यावर समजुतीचा निळा पर्याय उमटला. रेक्स थांबला, वाचला.

समजूत ऐन वेळी सुचत नाही. तिची किंमत आधीच्या लढायांत थोडं दुबळं राहून मोजलेली असते. गेममध्ये तो हिशेब निदान दिसतो तरी.