खोटं बोलायचा तास

दिल्लीत भोगलला ज्या गल्लीत लांबलचक अफगाणी नान भाजल्याचा वास येतो, तिथे दुसऱ्या मजल्यावर अफगाणिस्तानातून आश्रयाला आलेल्या बायकांसाठी आमचा नाटकाचा वर्ग भरतो. बायका मला 'उस्ताद' म्हणतात. दरी भाषेत शिकवणारी बाई असो की बुवा, उस्तादच. पुण्यात जन्मभर 'मॅडम' ऐकलेल्या मला सुरुवातीला तबला घरी विसरून आल्यासारखं वाटायचं.

पहिल्याच तासाला मी चुकले. तालमीआधी नटांना सांगतो तसं सांगितलं, "डोळे मिटा, आपलं घर आठवा." एक बाई उठली, चपला हातात घेऊन जिना उतरली, ती पुन्हा आली नाही. तेव्हापासून आमच्याकडे डोळे मिटायचे नाहीत, दार लावायचं नाही आणि 'तुमची गोष्ट सांगा' असं कुणी म्हणायचं नाही.

गोष्ट त्यांनी पुष्कळदा सांगून झालेली असते. १९५१च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, म्हणून अफगाणांच्या अर्जांची छाननी संयुक्त राष्ट्रांचं दिल्लीतलं कार्यालय करतं. तिथे मुलाखत होते. काबूल कधी सोडलं, नवरा कुठल्या दिवशी नाहीसा झाला, कोणत्या नाक्यावर अडवलं. आधीचं उत्तर आणि आत्ताचं जुळायला हवं. त्यामुळे या बायका स्वतःचंच आयुष्य पाठ करतात. नटी संहिता पाठ करते तसं नव्हे. नटी अडखळली तर विंगेत प्रॉम्प्टर असतो.

२०१३ साली अम्मानमध्ये सीरियातून आलेल्या बायकांनी युरिपिडीसचं 'ट्रोजन विमेन' आपल्या आठवणी गुंफून उभं केलं. मोठं काम, पण ती वाट मला पेलणारी नाही. मला ब्राझीलचा रंगकर्मी ऑगस्टो बोआल जवळचा. १९७१मध्ये त्यालाच देश सोडावा लागला. १९७३मध्ये पेरूच्या साक्षरता मोहिमेत माणसांच्या मायबोल्या निरनिराळ्या निघाल्या, तेव्हा त्याने शब्द बाजूला ठेवून त्यांना शरीरांनी चित्रं रचायला लावली. माझ्याकडे दरी, पश्तो आणि माझी मराठी वळणाची हिंदी. आम्हीही पुतळे करतो. भाडं मागणारा घरमालक, वजनात मारणारा भाजीवाला.

एकदा कुणीतरी टेबलामागे खुर्ची ठेवली. वर्गातल्या सगळ्यांत वयस्क खालाजान तिच्यावर बसल्या आणि चष्मा नाकावर ओढून म्हणाल्या, "नाव?"

समोरची पोरगी म्हणाली, "तुलसी." ही 'क्यूंकि सास भी कभी बहू थी' मालिकेतली सून. मालिका काबूलच्या टीव्हीवर दरीतून लागायची, सगळ्या फिस्कन हसल्या.

"जन्मतारीख?"

"आज सकाळी."

"पुरावा?"

"सासू."

खालाजानांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता चहाचा पेला उलटा करून कागदावर शिक्का मारला. मंजूर! मग रांगच लागली. प्रत्येकीला आधीच्यापेक्षा मोठी थाप मारायची होती. एकीने स्वतःला तीन नवरे दिले, दुसरीने एकही नाही.

नाटकाने माणूस बरा होतो असं मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही. अनुदानाच्या अहवालात 'मनःस्वास्थ्यातील सुधारणा' असा एक रकाना असतो. त्या दिवशी मी तिथे 'दोन तास हसल्या' एवढंच लिहिलं. खाली उरलेल्या जागेत काय भरायचं ते मला सुचलं नाही.

वर्गाला येणाऱ्या निम्म्या बायकांच्या कडेवर मूल असतं. तुमच्यापैकी कुणी त्या भागात राहत असेल आणि बुधवारी दुपारी दोन ते चार ही मुलं सांभाळू शकत असेल, तर जरूर या. नाटक यायलाच हवं असं नाही.