लिस्बन किती लांब आहे?

लिस्बन ते गोवा हे सरळ रेषेतील हवाई अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर भरते. ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाच्या विमानाला ते कापण्यास दहा तास पुरावेत. प्रत्यक्षात वाटेत विमान बदलावे लागते, विमानतळावर ताटकळावे लागते. तरीही साधारणतः एका दिवसात माणूस पोहोचतो. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनचा किनारा सोडला. आफ्रिकेला वळसा घालून त्यांचे जहाज गोव्यास लागले, तेव्हा २४ ऑक्टोबर उजाडला होता.

ही आकडेमोड मी हौसेने केलेली नाही. बीडमधील आमच्या धर्मग्रामातील एका माउलीचा धाकटा मुलगा लिस्बनला हॉटेलात काम करतो. तिने विचारले, “फादर, लिस्बन किती लांब आहे हो?” मी नकाशा काढला. तिने तो बाजूला सारला. “तसं न्हाई. माझ्या मातीला त्यो पोचंल का, तेवढं सांगा.”

मग मी हिशेब मांडला. लिस्बनहून मुंबईही जवळजवळ तितकीच दूर. म्हणजे एक दिवस. बीडला विमानतळ नाही. तेव्हा पुढे मोटारीने आठ-नऊ तास. सारे जुळून आले, तर दुसऱ्या दिवशी रात्री. पण रजा? कागदपत्रे? तिकिटाचे पैसे? ह्यांची नोंद विमानाच्या वेळापत्रकात नसते.

तिला ताटातूट नवी नव्हती. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे गेलेली माणसे पाच-सहा महिन्यांनी परतत. अंतर तीन-चारशे किलोमीटरच. पण मध्येच घरी कुणी दगावले, तर उचल घेतलेल्या मजुराला मुकादम सोडीलच, असे नसे. माणूस किती लांब आहे, हे किलोमीटरवर ठरत नाही. हाक आल्यावर त्याला निघता येते का, ह्यावर ठरते.

फादर स्टीफन्स मायदेशी परतले नाहीत. १६१९ मध्ये त्यांनी इथेच देह ठेवला. मात्र गोव्यात उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. त्यात वारे, पक्षी, मासे, खलाशांची दुखणी असे सारे आले. पुन्हा भेट कठीण हे ठाऊक असलेला मुलगा काही राखून ठेवत नाही. आज मोबाइलवर क्षणात चेहरा दिसतो. म्हणून आपले ‘बरा आहे’ एवढ्यावर भागते.

मी त्या माउलीला म्हटले, “मावशी, त्याला मातीला बोलावू नका, येत्या नाताळाला बोलवा.” मुलाशीही फोनवर बोललो. ज्यांची लेकरे परदेशी आहेत, त्या प्रत्येक घराला मला हेच सांगावेसे वाटते.

त्याने रजेचा अर्ज दिला आहे, असे ती सांगते. तिकीट अजून निघालेले नाही.