पाला कुणाचा?



दिवाळी झाली, भात घरात आलं. तुंगार्लीत आता सकाळी उशिरापर्यंत गवतावर दव टिकतंय. परसातल्या तीन गुंठ्यांत सध्या माझं एकच काम चाललंय, माती झाकायचं.

लोणावळ्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण आमच्या उतारावरच्या मातीत तो थांबत नाही. होळीपर्यंत हीच जमीन कडक होते. परवा वीतभर खोल उकरून मूठभर माती दाबून बघितली. तीन आठवड्यांपूर्वी झाकलेल्या वाफ्यातल्या मातीचा लाडू वळला. शेजारच्या उघड्या वाफ्यातली हातातच सुटली.

ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 1978 साली पर्माकल्चरचं पहिलं पुस्तक काढलं. आपल्याकडं कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब चालवायचा हिशोब मांडून गेले. दोन्हीकडं एक गोष्ट सारखी: काडीकचरा मातीला परत द्या.

वाचताना पटतं. पण मावळात काडीकचरा मोकळा असतो कुठं? पेंढा म्हशीचा, रानातला पाला राबाचा, काटक्या चुलीच्या. पहिल्या वर्षी मी इंद्रायणीचा पेंढा वाफ्यावर पसरला, तेव्हा आई म्हणाली, "मातीला पेंढा घातलास, आता म्हशीला काय घालू? तुझं पुस्तक?" तिचं बरोबर होतं. पेंढा उचलून परत गोठ्यात नेला.

मग लक्ष गेलं आसपासच्या बंगल्यांकडं. तिथले माळी रोज आंबा, फणस, सिल्व्हर ओकचा पाला झाडून ढीग पेटवतात. एकाला म्हटलं, "दादा, जाळू नका, मी नेतो." तो म्हणाला, "न्या की, माझा तरी धूर वाचंल." यंदा आतापर्यंत 22 गोण्या आणल्यात.

चुकत चुकत जे कळलं ते सांगतो.

पाला मातीत मिसळू नका, वरच ठेवा. वाळका पाला मातीत गाडला की कुजताना तो नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. मी आधी वाफा भिजवतो, शेणकाला शिंपडतो, मग चार बोटं जाडीचा थर देतो. वर गिरिपुष्पाचा ओला पाला टाकतो.

वांगी, मिरची, हळद, केळीला हे चालतं. मेथीला नाही. बारीक बी थराखालून वर येत नाही, म्हणून मेथी-मुळ्याचा वाफा उघडाच ठेवतो. वाल टोकताना पाला बाजूला सारायचा, रोप वर आलं की परत ओढायचा.

खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा. गेल्या वर्षी वडिलांनी लावलेल्या लिंबाच्या बुंध्याला मी मायेनं पाला लपेटला. आत वाळवी लागली, साल गेली, झाड गेलं. वडील आता नाहीत. ती चूक अजून टोचते.

गोणी आधी ओतून बघा, प्लॅस्टिक निघतंच. तणनाशक मारलेल्या लॉनचं गवत घेऊ नका. आणि कुंपणाकडची पाच-सहा फूट पट्टी साफ ठेवा. वणवा आला तर हाच पाला सरपण होईल.

काल आईनं विचारलं, "त्यातल्या चार गोण्या राबाला देतोस?" जो पाला जळू नये म्हणून पाठीवर वाहिला, तोच आमच्या खाचरात जाळायचा! पण तीही उगाच मागत नाही. राब भाजला की तणाचं बी मरतं आणि रोपं जोमात येतात, हे तिनं आयुष्यभर बघितलंय.

शेवटी दोन गोण्या तिला दिल्या. दोन कुजवायला ठेवल्यात. पुढच्या पावसाळ्यात तिच्या राबाशेजारी एक गादीवाफा करणार, न भाजता, कुजलेला पाला आणि शेणखत घालून. बी एकच, पेरणी एकाच दिवशी. लावणीच्या वेळी रोपं शेजारी ठेवून बघू. तिची चांगली निघाली तर तसंच इथं लिहीन.

राब सोडलेल्या मावळातल्या, मुळशीतल्या मंडळींना एकच विचारायचंय: रोपातलं तण कसं आवरलंत? निंदणीला किती दिवस गेले, तेही खरं सांगा. आईला उत्तर द्यायचंय.